कानशिलावर मोडलेली बोटं

आमच्या शाळेत मुलांना उन्हाचं क्रीम आपण लावायचं नाही, असा नियम आहे. ते मुलांनी स्वतः लावायचं. मुलं चार वर्षांची. बहारीनमधलं मे महिन्याचं ऊन, सकाळीच अंगणातल्या घसरगुंडीला हात लावता येत नाही, आणि माझ्यासमोर अख्खा वर्ग ओळीत उभा राहून ट्यूबमधलं क्रीम कानांत, केसांत, कॉलरवर आणि चव बघायला थोडं जिभेवरही फासतो. मी हात मागे बांधून सांगत राहते, "नाक राहिलं हं. मानेला लाव. डोळ्यांत नको." माझ्या हाताने हे काम दोन मिनिटांचं आहे. पण हात मागेच ठेवायचे.

ही ब्रिटिश शाळा आहे आणि मी तिथे बालवर्गाची मदतनीस. शिकवते ती टीचर. मी रंग काढून देते, पेन्सिलींना टोक करते, डबे उघडते, रडणाऱ्याला गप्प करते. लग्न करून वसईहून इथे आले तेव्हा आधी एका दवाखान्यात रिसेप्शनला होते. मुलगा शाळेच्या वयाचा झाला तशी इथे लागले, कारण स्टाफच्या मुलाला इथे फी नाही. नाहीतर या शाळेच्या फाटकाशीसुद्धा आम्ही उभे राहिलो नसतो. नवरा मुहर्रकला एअरपोर्टवर कार्गोत आहे. ईसा टाउनच्या आपल्या इंडियन शाळेत काय मुलं शिकत नाहीत का, हे तो अजून ऐकवतो. मी ऐकून घेते. मुलगा इथे शिकतो तो माझ्या नोकरीवर, आणि नोकरी गेली की त्याची शाळा गेली, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ते कधी बोलायची वेळ आली नव्हती, इतकंच.

नियम बरेच आहेत. 'बॉइज अँड गर्ल्स' म्हणायचं नाही, 'एव्हरीवन' म्हणायचं. 'गुड गर्ल' म्हणायचं नाही, मेहनतीचं कौतुक करायचं, मुलीचं नाही. मूल पडलं तर आधी विचारायचं, 'मी उचलू का?' मांडीवर घ्यायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे एकट्या मुलाबरोबर दाराआड, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी थांबायचं नाही. हे नियम विलायतेहून येतात, आणि नियमांबरोबर त्यांची भांडणंही येतात. आमच्या स्टाफरूममध्ये पी.टी.चे सर आहेत, पिकल्या मिशांचे. ते म्हणतात, तिकडे आता माणसाला तोंड उघडायची सोय उरली नाही म्हणून तर मी इथे आलो. आमच्या वर्गाची टीचर पोरसवदा आहे. ती म्हणते, तोंड उघडताना समोरच्याचा विचार केला तर तुमचं काय जातं? मग दोघंही लाल होतात. एका डिसेंबरात नाताळच्या नाटकाला 'हिवाळ्याचा कार्यक्रम' म्हणायचं का यावर आठवडाभर धुसफूस चालली होती, मुसलमान पालकांना वाईट वाटेल म्हणून. शेवटी पालकांना विचारलं, तर बहरीनी आयाच म्हणाल्या, झाड कुठे लावताय आणि सांता किती वाजता येणार? मी सात पिढ्यांची ख्रिस्ती, तिथेच बसून चपातीभाजी खात होते. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चहा आणायच्या निमित्ताने उठले असते.

खरं सांगायचं तर मला त्यातले अर्धे नियम हास्यास्पद वाटायचे आणि अर्धे पटायचे. आमच्या वसईच्या शाळेत बाई पट्टीने बोटांवर मारायच्या आणि आधी 'मारू का?' असं विचारायच्या नाहीत. ते काही चांगलं नव्हतं. म्हणून मी दोन्ही बाजूंना मान डोलवायची आणि आपलं काम करायचं. ही भांडणं त्यांची, आपण मधे कुठे येतो, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. ब्रिटिशच, नुकतीच बहारीनला आलेली, कापसासारखे केस आणि उन्हाने लाल झालेलं नाक. ती बोलायची नाही. घरी बोलायची असं तिची आई सांगे, पण वर्गात एक शब्द नाही. काही हवं असलं की माझ्या ओढणीचं टोक धरून ओढायची. ओढणी तिने धरली तर चालते, मी तिला धरलं तर नाही. मी तिच्याशी मराठीतच पुटपुटत असे, कारण बोलत नसलेल्या मुलाशी कुठल्याही भाषेत बोललं तरी सारखंच. "काय गं माझे बाय, पाणी पाहिजे?" ती मान हलवायची.

मग एके दिवशी सकाळी गोलात बसून टीचरने रोजच्यासारखं विचारलं, आज हवा कशी आहे? बहारीनमध्ये हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नाही, पण तो अभ्यासक्रमात आहे. कुणीतरी उत्तर देणार इतक्यात ती म्हणाली, "सनी." अगदी ठणठणीत आवाजात. टीचरचे डोळे भरून आले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली, कारण इतक्या जणांची एकदम नजर गेलेलं मूल मला बघवत नाही.

नंतर हात धुवायच्या जागी ती शेवटी राहिली. मुलांच्या उंचीची बेसिनं आहेत तिथे, वर्गाच्या बाजूला, अर्ध्या भिंतीआड. मी गुडघ्यांवर बसले, दोन्ही तळवे तिच्या गालांवरून खाली उतरवले आणि माझ्या कानशिलांवर टेकवून बोटं मोडली. कडाकडा, दहाच्या दहा. आमच्याकडे हे सगळ्या बायका करतात. पोर गुणाचं वागलं, छान दिसलं, आजारातून उठलं की लगेच हात जातात. फादर सांगतात, ही अंधश्रद्धा आहे, आणि मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर त्यांच्यादेखत आमच्या बायका नातवंडांवरून हात फिरवून बोटं मोडतात. जितकी बोटं वाजतील तितकी दृष्ट लागलेली होती असं समजायचं. दहाच्या दहा वाजली म्हणजे अख्ख्या वर्गाचीच लागली असणार.

पोरगी खदखदून हसली. तो आवाज तिला फार आवडला. दुसऱ्या दिवशी बेसिनपाशी ती मुद्दाम मागे राहिली, माझे हात धरून स्वतःच्या गालांवर ठेवले आणि म्हणाली, "अगेन." मग ते रोजचंच झालं. हात धुवायचे, पुसायचे, गाल पुढे करायचे. हळूहळू ती वर्गात बोलू लागली. मी कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नाही.

मला माहीत नव्हतं ते असं, की तिच्या घरी एक लहान भाऊ होता, पाळण्यातला. तिने त्याच्यावर तोच प्रयोग केला. दोन्ही हातांनी त्याचे गाल धरले, चांगले दाबून, आणि मग बोटं वाजेनात म्हणून तोंडानेच 'कट' असा आवाज काढला. तो किंचाळला. आई धावली. हे कुणी शिकवलं? मिस करते. कुठे? बेसिनपाशी. कधी? सगळे गेल्यावर, फक्त आम्ही दोघी. काय करते? माझं डोकं धरते आणि मग हाड मोडतं.

हे सगळं खरं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

इथे शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो. रविवारी सकाळी मी वर्गात खुर्च्या मांडत होते तेव्हा बालसुरक्षेचं काम बघणारी बाई दारात आली. "तुम्हाला एक मिनिट आहे का?" ती हसून म्हणाली. ती नेहमी हसूनच बोलते. तिच्या खोलीत तिने मला पाणी दिलं, दार उघडं ठेवलं आणि सांगितलं की एका पालकाकडून विचारणा आली आहे, तक्रार म्हणता येणार नाही, फक्त विचारणा. पण विचारणा आली की चौकशी करावी लागते, तसा नियम आहे. तोवर मी मुलांमध्ये जाऊ नये. लायब्ररीत पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घालावीत. आणि याविषयी शाळेत कुणाशी बोलू नये, माझ्याच भल्यासाठी.

"मी काय केलं?" मी विचारलं.

"तुम्ही काही केलं असं कुणी म्हणत नाही," ती म्हणाली.

तिने मला शिव्या घातल्या असत्या, टेबलावर हात आपटला असता, तर मी रडले असते, भांडले असते. पण तिथे कुणी रागावलंच नव्हतं. सगळे इतके गोड बोलत होते की मी खूनच केलाय असं मला वाटायला लागलं. कशाबद्दल आहे ते तिने थोडक्यात सांगितलं, बेसिन, डोकं, हाड, आणि मला एकदम तहान लागली. पाणी पुढ्यात होतं, पण ग्लास उचलावा की नाही हेही मला ठरवता येईना.

मी लायब्ररीत बसून कव्हरं घालायला लागले. खिडकीतून अंगण दिसायचं. मुलं ओळीने क्रीम फासताना दिसायची. ती पोरगी ओळीच्या शेवटी उभी राहून इकडेतिकडे बघायची, आणि मी खुर्ची मागे सरकवायची, कारण खिडकीतून बघणंही कुणाला चुकीचं वाटलं तर? टीचर जिन्यात भेटली की फरशीकडे बघत जायची. तिलाही बोलू नको असं सांगितलं असणार. मी मनातल्या मनात सगळं पुन्हा पुन्हा बघत होते. मी गाल जोरात धरले होते का? तिने कधी मागे व्हायचा प्रयत्न केला होता का? बेसिनच्या तिथेच का, वर्गात सगळ्यांसमोर का नाही? मग आठवलं, वर्गात करत नव्हते कारण हसतील म्हणून. म्हणजे मी लपवत होते? इतकं उलटसुलट केल्यावर माझाच माझ्यावर विश्वास बसेना. भीतीने माणूस स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लागतो.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो शिफ्टवरून येऊन जेवत होता. घास हातातच राहिला.

"तुला कितीदा सांगितलं, लोकांच्या पोरांना हात लावू नको म्हणून."

"कधी सांगितलंस?"

"मनात तर होतं ना." मग त्यालाच ते ऐकवेना. "सॉरी बोल आणि खलास कर. पाया पड त्यांच्या."

"सॉरी म्हटलं म्हणजे केलं असं होतं."

"केलंस ना पण?"

मुलगा खोलीच्या दारात उभा राहून ऐकत होता. पंधरा वर्षांचा, बोर्डाच्या तोडीच्या परीक्षेचं वर्ष, आणि शाळेच्या सगळ्या नियमांचा मनापासून पुरस्कर्ता. कुणाला 'जाड्या' म्हणू नकोस, असं आजीला फोनवर समजावणारा तोच. त्याच्या गालांवरून हात फिरवायला त्याने मला वर्षभरापूर्वीच बंदी केली होती.

"मम्मा, डिड यू आस्क हर?"

"विचारून कुणी दृष्ट काढतं का रे?"

"यू हॅव टू आस्क. शी इज अ पर्सन."

मी काहीतरी फटकन बोलणार होते. पण तो तिथेच घुटमळला, आणि मग खाली बघून म्हणाला, "माझी शाळा बदलणार का?" हे त्याने मराठीत विचारलं. तो आमच्याशी मराठीत बोलतो ते फक्त ताप चढल्यावर. मी म्हटलं, नाही रे, काहीतरीच काय. त्याचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं.

आम्ही झिंजला राहतो तिथे समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडच्या भाभी राहतात. त्यांच्या मिस्टरांचं मुहर्रकला कापडाचं दुकान आहे. त्या आमच्याकडे ईदची बिर्याणी पाठवतात, आम्ही नाताळचा फराळ. माझा चेहरा बघून त्या घरातच शिरल्या.

"अगो, काय झालं गो? तोंड का असं उतरलंय?"

मी सांगितलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि धीर द्यायला म्हणून आपल्या दुकानातल्या माणसाची गोष्ट सांगितली. त्याच्यावर कुणी तरी कसली तरी तक्रार केली होती. पोलीस आले, केस झाली, आणि केस संपेपर्यंत ट्रॅव्हल बॅन. गावी बाप गेला तर मातीलाही जाता आलं नाही. "पण शेवटी काय निघालं नाय हां," भाभी म्हणाल्या. "इंशाल्ला तुझंपण काय निघायचं नाय."

माझ्या डोक्यात तोवर पोलीस आले नव्हते. ते भाभींनी आणून बसवले. त्यानंतर दाराची बेल वाजली की मी आधी भोकातून बघायची, आणि कचरा न्यायला आलेला माणूस आहे हे दिसलं तरी कडी काढायची नाही. माझी आई वसईला एकटी असते. रोज संध्याकाळी तिचा फोन येई आणि मी म्हणे, हो गे आई, सगळं छान, पोरं काय, नेहमीसारखीच. तिने हे बोटं मोडणं मला शिकवलं. तिला काय सांगणार?

गुरुवारी बोलावलं. आदल्या संध्याकाळी मुलाने माझी तयारी करून घेतली. आरशापुढे उभं करून इंग्रजीत प्रश्न विचारले. "मम्मा, डोन्ट से एव्हिल. डोन्ट से कर्स. से, इट इज अ ब्लेसिंग." मी म्हणत गेले. मला उत्तरं शिकवताना त्याचा आवाज मधेच फाटत होता, वयामुळे असेल किंवा कशाने.

खोलीत तिघी होत्या. मुख्याध्यापिका, बालसुरक्षेच्या बाई आणि आमच्या रजा नि कागदपत्रं बघणारी ऑफिसातली बहरीनी बाई. मुख्याध्यापिकांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. काय होतं ते तुमच्या शब्दांत सांगा, म्हणाल्या. मी सांगितलं. लहान मूल सगळ्यांच्या नजरेत आलं की त्याला त्रास होऊ नये म्हणून आमच्यात असं करतात. हा आशीर्वाद आहे.

बहरीनी बाईंनी मान वर केली. "ऐन," त्या हळूच म्हणाल्या. नजरेला अरबीत तेच म्हणतात. "आमच्याकडेही आहे. माझी आजी धूप फिरवते आणि दुआ म्हणते."

मला वाटलं, सुटले. अबायातली ती बाई मला त्या क्षणी सख्ख्या बहिणीसारखी वाटली. पण बालसुरक्षेच्या बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मुख्याध्यापिकांकडे बघितलं. आणि मुख्याध्यापिका, ज्यांचा आवाज कधी हलत नाही, त्या घसा साफ करून म्हणाल्या, "म्हणजे ही धार्मिक कृती आहे का?"

काय उत्तर द्यावं ते मला कळेना. हो म्हणावं तर पालकांना न विचारता त्यांच्या मुलीवर माझा धर्म चालवला. नाही म्हणावं तर मग भिंतीआड तिचा चेहरा कशाला धरला? आणि फादर तर म्हणतात की हे धर्मात बसतच नाही. मुख्याध्यापिका घाईने म्हणाल्या, "आम्हाला तुमच्या संस्कृतीचा पूर्ण आदर आहे. यात तसला काही अर्थ कृपया घेऊ नका." त्यांच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याही घाबरल्या आहेत. मला घाबरल्या आहेत. मुलीच्या बाजूने चुकलं तरी पंचाईत, माझ्या बाजूने चुकलं तरी पंचाईत. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण मी आणखीच घाबरले. कारण घाबरलेला माणूस दुसऱ्याला वाचवत नाही.

"मग तुम्ही हे का केलंत?" बालसुरक्षेच्या बाईंनी विचारलं. "तुमच्या मनात काय होतं?"

मुलाने शिकवलेलं सगळं मी विसरले. जे होतं ते तोंडून निघालं. "माझा तिच्यावर जीव आहे," असं मला म्हणायचं होतं. इंग्रजीत ते झालं, आय लव्ह हर.

बहरीनी बाईंनी डोळे मिटून घेतले. त्या खोलीत म्हणू नये असा एकच शब्द होता, आणि तो मी म्हटला होता.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दाखवाल का?" बालवर्गाच्या कोपऱ्यातली बाहुली त्यांनी आणूनच ठेवली होती. कुणाला वाईट वाटू नये म्हणून ना गोरी ना काळी, मधल्याच कुठल्या तरी रंगाची. त्यांनी ती खुर्चीवर बसवली. मी तिच्यासमोर गुडघे टेकले. या तिघी वरून बघत होत्या. मी बाहुलीच्या गालांवरून तळवे उतरवले, माझ्या कानशिलांवर टेकवले आणि दाबले.

एकही बोट वाजलं नाही.

मी पुन्हा केलं. पुन्हा नाही. हात घामाने ओले झाले होते, बोटं गार पडली होती. "आवाज येतो," मी म्हटलं. "एरवी येतो. आज येत नाहीये." माझा आवाज लहान मुलासारखा निघाला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सावकाश, काही घाई नाही. मी तिसऱ्यांदा हात उचलले आणि मग नुसतीच तिथे बसून राहिले. बाहुलीला कोण कशाला दृष्ट लावणार होतं?

माझी नोकरी राहिली. मुलीच्या आईने म्हणे शाळेला कळवलं की माझं काही वाईट व्हावं असं तिला वाटत नाही, तिला फक्त काय ते समजून घ्यायचं होतं. मी तिला दोष देत नाही. माझ्या मुलाचं डोकं कुणी भिंतीआड धरलं असतं तर मीही अनवाणी धावले असते. मला दुसरा वर्ग दिला, एक ट्रेनिंग दिलं आणि पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये एक नवा नियम वाचून दाखवला की आपापल्या संस्कृतीतली कौतुकाची कृती मुलांबरोबर करण्याआधी पालकांची परवानगी घ्यावी. माझं नाव घेतलं नाही. सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत होते.

पी.टी.चे सर पार्किंगमध्ये गाठून म्हणाले, "बघितलंस? यापासून पळून मी इथे आलो, तर इथेही तेच." त्यांना माझ्याकडून होकार हवा होता. त्यांच्या वादाला मी उपयोगी पडत होते. मी आजूबाजूला कोण आहे ते बघितलं आणि बस चुकेल म्हणून निघाले. टीचरने एकदा जिन्यात थांबवलं. तिचे डोळे लाल होते. "मी तुला मिठी मारू का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने मारली, आणि मी हात खाली सोडून उभी राहिले.

मुलाची शाळा चालू आहे. पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळी तो बूट घालून दाराशी थांबला. लिफ्ट येऊन गेली तरी निघेना. मग डोकं जरा खाली वाकवून म्हणाला, "ओके. यू कॅन." वर्षभराची बंदी त्याने उठवली होती. मी हात उचलले, आणि ते त्याच्या गालांपासून वीतभर लांब हवेतच थांबले. तिथूनच फिरवले. त्याने एकदा वर बघितलं, आणि तो गेला.

परवा शाळा सुटताना मी फाटकाशी ड्युटीवर होते. ती पोरगी आईबरोबर निघाली होती. आईच्या पुढ्यात बाबागाडी, तिच्यात भाऊ, आता बसता येणारा, गुबगुबीत. माझा वर्ग बदलल्यापासून ती पुन्हा बोलायची थांबली आहे, असं कानावर आलं होतं. तिने मला बघितलं आणि आईचा हात सोडून धावत आली. गाल पुढे करून, तोंडभर हसत.

मी दोन्ही हात वर केले. पोलिसाने पिस्तूल रोखल्यावर करावेत तसे, खांद्यांच्या वर, तळवे पुढे. आणि दोन पावलं मागे सरले. फाटकावर कॅमेरा आहे. तिची आई बघत होती. मी कुणाला हात लावलेला नाही हे सगळ्यांना दिसायला हवं होतं.

ती थबकली. हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्या हातांवर फिरले, नीट, एकदा डाव्या, एकदा उजव्या. ती नवीन गोष्ट शिकताना असंच बघते. तिची आई मला काहीतरी म्हणत होती, बहुतेक "इट्स ओके." मी ऐकत नव्हते. पोरगी वळून बाबागाडीकडे गेली. भावाने तिला बघून दोन्ही हात पसरले, मला घे म्हणून.

तिने आपले दोन्ही हात खांद्यांच्या वर उचलले, तळवे पुढे केले आणि त्याच्यापासून दोन पावलं मागे सरली.

मग तिने माझ्याकडे वळून बघितलं, बरोबर जमलं ना, असं.